प्रयोग आणि प्रयोगाची जागा

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी समारंभात बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीने आम्हांला विषय दिला तो असा: 'रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी ह्या तिन्ही क्षेत्रांत वावरणारे प्रयोगशील कलावंत'. सकाळपासून आपण शिष्यवृत्त्यांचा, रुग्णसाहाय्याचा आणि वसतिगृहाचा अहवाल ऐकत आहात. त्यानंतर नाटकसिनेमाचा विषय म्हणजे भोजनोत्तर विडा, असे कुणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. ह्या विषयाचा आणि आपल्या संस्थेच्या हिशेबाच्या वहीचा अगदी जवळचा संबंध आहे, आणि तो आपल्यापुढे मांडावा ह्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत. कार्यकारिणीच्या येत्या सभेपुढे आपल्या सभागृहाचा प्रश्न यावयाचा आहे, हे आपण सारे जाणताच. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

आरंभी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. इतर भाषांत नाटकाचा 'शो' होतो, 'खेळ' होतो. आपण मराठी माणसे मात्र नाटकाचा 'प्रयोग' झाला असे म्हणतो. शाळेच्या विज्ञानशाळेत काचेच्या नळीत जे घडते तोही प्रयोग, आणि रात्री साडेनऊला पडदा वर गेल्यावर जे घडते तोही प्रयोगच. दोन्हीकडे साहित्य जमवलेले असते, कृती ठरलेली असते, पण आज काय निष्पन्न होईल ते कुणीच आधी सांगू शकत नाही. पाचशेवा प्रयोगसुद्धा फसू शकतो, कारण त्या दिवशीचा प्रेक्षक नवा असतो. तेव्हा 'प्रयोगशील कलावंत' म्हणजे कुणी विचित्र केशभूषा करून न समजणारे काही बोलणारा मनुष्य नव्हे. जो आपल्या कामाच्या नावाला जागतो, तो प्रयोगशील.

अशा माणसांचे आणि आपल्या बडोद्याचे नाते जुने आहे. १८९० मध्ये येथे कलाभवन निघाले. त्या सुमारास तेथे चित्रकला, छायाचित्रण इत्यादी विद्या शिकून गेलेला एक विद्यार्थी पुढे दादासाहेब फाळके ह्या नावाने सर्वांस परिचित झाला. छायाचित्रकार, मुद्रक, जादूचे खेळ करणारा अशा अनेक भूमिका वठवून त्या गृहस्थाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी उभे केले. एका विद्येतले शिकलेले दुसऱ्या विद्येत वापरावयाचे, आणि हाताशी असेल त्यावर भागवावयाचे, हा प्रयोगशील माणसाचा पहिला गुण आपणांस येथेच दिसतो.

रंगभूमीचे म्हणाल, तर गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबारचा आश्रय होता, हे येथील जुन्या घराण्यांना सांगावयास नकोच. पण आश्रय ही एकतर्फी गोष्ट कधीच नव्हती. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नटांनी एकत्र येऊन टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. पु. ल. देशपांडे ह्यांनी १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त लेखनापासून संगीत, दिग्दर्शन आणि अभिनयापर्यंत सारे काही केले, पुढे एकट्याने 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर उभी केली, दिल्लीच्या दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात तेथे काम केले. आणि ह्या साऱ्या कमाईतून सार्वजनिक न्यास उभारून रुग्णालये, शाळा, व्यसनमुक्ती केंद्रे ह्यांना मदत केली. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ मध्ये सुरू झाले ते पु. ल. आणि सुनीताबाई ह्यांच्या देणगीच्या आधारावर. गावोगावच्या किती वाचनालयांच्या भिंती नाटकांच्या मदतीच्या प्रयोगांवर उभ्या आहेत, त्याची गणती कुणी केलेली नाही. थोडक्यात, कलावंतांनी धर्मादाय संस्थांना पुष्कळ दिले. संस्थांनी कलावंतांना काय द्यावे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण बडोद्याच्याच एका कन्येकडे पाहू. विजया जयवंत, म्हणजेच पुढच्या विजया मेहता, ह्यांचा जन्म १९३४ मध्ये आपल्या ह्या शहरात झाला. इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान ह्यांच्याकडे त्यांनी नाट्यकलेचे धडे घेतले. एक गुरू इंग्रजी रंगभूमीवरचा शिस्तीचा भोक्ता, दुसरा पारशी रंगभूमीवरचा हसतमुख जाणकार, आणि शिष्या मराठी! एका भाषेच्या कुंपणात राहून त्या शिकल्या नाहीत, ही गोष्ट गुजरातेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

१९६० मध्ये विजयाबाईंनी विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदी सहकाऱ्यांसह मुंबईस 'रंगायन' ही संस्था काढली. तिच्यापाशी स्वतःचे नाट्यगृह नव्हते. होते ते वर्गणी भरणारे सभासद. हे सभासद 'रंगायन'चे खरे भांडवल होय. वर्षाची वर्गणी आधीच भरलेली असल्यामुळे आज कोणते नाटक आहे, त्यात प्रसिद्ध नट आहे की नाही, पदे आहेत की नाहीत, हे पाहून यावयाचे नसे. जे असेल ते पाहावयाचे, आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलावयाचे. अशा प्रेक्षकांपुढे आयनेस्कोचे 'खुर्च्या' करता आले. त्या नाटकात एक वृद्ध जोडपे न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी एकामागून एक खुर्च्या मांडत जाते. पॅरिसमध्ये १९५२ साली ते प्रथम झाले तेव्हा प्रेक्षागृहातल्या खुर्च्याही बहुतांशी रिकाम्याच राहत, असे सांगतात. धंदेवाईक मालकाने अशा नाटकाला हात लावला नसता, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. त्याला संध्याकाळी नटांचे पैसे चुकते करावयाचे असतात. पण सभासदांची वर्गणी पाठीशी असल्याने 'रंगायन'ला तो धोका पत्करता आला. पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' आले. नंतरच्या काळात विजयाबाईंनी खानोलकरांच्याच रूपांतराच्या आधारे ब्रेख्तचे नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' ह्या नावाने आपल्या लोकनाट्याच्या ढंगात मराठीत आणले, आणि फ्रिट्झ बेनेविट्झ ह्या जर्मन दिग्दर्शकाबरोबर त्यांचे सहकार्य अनेक वर्षे चालले.

आता ह्या लहानशा संस्थेतून काय काय निपजले ते पाहा. १९६७ मध्ये 'रंगायन'ने तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे ह्यांचे, आणि बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. नाटकाच्या प्रयोगासाठी परगावी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला चालवतात, आणि बघता बघता एका एकट्या स्त्रीची खरी शिकार सुरू होते, अशी ही कथा. १९७१ मध्ये तिचा मराठी चित्रपट झाला. तो केला सत्यदेव दुबे ह्यांनी. दुबे मूळचे बिलासपूरचे हिंदी भाषक, क्रिकेट खेळण्याच्या हौसेने मुंबईला आलेले आणि अल्काझींच्या 'थिएटर युनिट'मध्ये सापडून नाटकवाले झालेले. अल्काझी दिल्लीस गेल्यावर ती संस्था दुब्यांनीच चालवली. पुढे 'अंकुर', 'निशांत', 'भूमिका', 'जुनून' ह्या चित्रपटांच्या लेखनाशी त्यांचे नाव जोडले गेले, पण तालमीची खोली त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. 'शांतता'च्या त्या चित्रपटाचे छायाचित्रण केले होते गोविंद निहलानी नावाच्या तरुणाने, आणि त्यात अमोल पालेकर नावाचा एक चित्रकारही नट म्हणून होता. पुढे ह्या दोघांनी काय केले ते आपण जाणताच.

दुसरा धागा पाहा. नागपुरात एक तरुण एकदा चित्रपट पाहावयास गेला. तिकीट मिळाले नाही. संध्याकाळ फुकट जाऊ नये म्हणून तो तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो, मी हरलो' ह्या नाटकाला जाऊन बसला. दिग्दर्शन विजयाबाईंचे होते. त्या रात्रीने त्याला नाटककार केले. हा तरुण म्हणजे महेश एलकुंचवार. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली, ती विजयाबाईंच्या वाचनात आली, आणि त्यांनी ह्या नव्या लेखकाच्या 'सुलतान' व 'होळी' ह्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. १९८४ मध्ये केतन मेहतांनी 'होली' हा चित्रपट केला. त्याच वर्षी एलकुंचवारांच्या 'पार्टी' नाटकावर चित्रपट केला तो पूर्वीच्या त्याच छायाचित्रकाराने, गोविंद निहलानी ह्यांनी. आणि त्यात ज्यांच्या घरी ती मेजवानी होते त्या बाईंच्या भूमिकेत होत्या विजया मेहता. पुढल्याच वर्षी, १९८५ मध्ये, विजयाबाईंनी एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आणले, आणि नंतर तेच नाटक 'हवेली बुलंद थी' ह्या नावाने हिंदीत दूरचित्रवाणीवर गेले.

ही नावे आम्ही पाठांतर दाखवण्यासाठी सांगत नाही. ज्यांची नावे पुढे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली त्यांतील कितीतरी माणसे एकमेकांना प्रथम कुठे भेटली, तर एखाद्या गच्चीवर, शाळेच्या वर्गात, वर्गणीदारांच्या पन्नास-शंभर खुर्च्यांसमोर, एवढेच आमचे सांगणे. दूरचित्रवाणीवर जे लाखो घरांत पोहोचते, त्याचे बी अशा लहान वाफ्यात रुजलेले असते. वाफा नसेल तर शेतही नाही.

येथे कुणी विचारील, की एकदा नाटक चांगले वठले तर तेच पुन्हा चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर आणण्यात प्रयोग तो कसला? हे तर एका पिठाच्या तीन भाकऱ्या भाजणे झाले! ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर विजयाबाईंच्या कामातच मिळते. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' त्यांनी १९७७ मध्ये रंगमंचावर आणले. विक्रम गोखले बॅरिस्टर होते, आणि विधवा मावशीची भूमिका बाई स्वतः करीत. १९८५ मध्ये त्याच कथेचा 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. त्यातही मावशी त्याच होत्या, आणि त्या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. कथा तीच, भूमिका तीच, नटीही तीच. मग बदलले काय?

बदलले ते अंतर. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते. नटाचा निःश्वाससुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून रंगमंचावरचे दुःख खांद्यांत आणि पाठीत दिसावे लागते. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन बसतो. तेथे तेच दुःख पापणीच्या हालचालीत मावते, आणि रंगमंचावरचा खांदा तेथे अतिरेक वाटतो. शिवाय रंगमंचावर कुणाकडे पाहावयाचे हे प्रेक्षक ठरवतो. बॅरिस्टर बोलत असताना कोपऱ्यातल्या मावशीकडे पाहण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. चित्रपटात ते स्वातंत्र्य दिग्दर्शक स्वतःकडे घेतो, आणि त्याबरोबर जबाबदारीही घेतो. वर्षानुवर्षे रंगमंचावर मुरलेल्या माणसाने ही सवय मोडून नव्याने शिकावयाचे म्हणजे पन्नाशीत नवी लिपी गिरवण्यासारखे आहे. ती त्यांनी गिरवली.

दूरचित्रवाणीचे अंतर आणखी निराळे. नाटकाला आणि चित्रपटाला आपण कपडे बदलून जातो. दूरचित्रवाणी आपल्याच घरात शिरते. तिच्यासमोर आजी वाती वळीत असते, मुले अभ्यास चुकवीत असतात, कुणी मधेच दार वाजवते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्या घरी संच असे आणि शेजारपाजार तेथे गोळा होई. अशा ह्या घरगुती माध्यमासाठी १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत विजयाबाईंनी निवडले ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी होत्या. निवड किती अचूक पाहा! जे पुस्तक स्वयंपाकघरातल्या, ओसरीवरच्या बोलण्याच्या सुरात लिहिलेले, ते घराघरांतल्या ओसरीवर जाऊन बसले. तेथे भव्य नेपथ्याचे कामच नव्हते. पुढे १९९१ मध्ये रुग्णालयाच्या जीवनावरची 'लाइफलाइन' ही मालिका त्यांनी केली. मालिकेत गोष्ट आठवड्याआठवड्याने सांगावयाची असते, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात ती सात दिवस जिवंत राहिली पाहिजे. हाही एक निराळाच प्रयोग.

आणि 'पेस्तनजी' हा १९८८ चा चित्रपट पाहा. तो त्यांच्या कोणत्याही नाटकावरून घेतलेला नव्हता. बी. के. करंजिया ह्यांच्या कथेवरचा हा चित्रपट पारशी समाजाच्या जीवनावरचा; भाषा हिंदी, दिग्दर्शिका मराठी, प्रमुख भूमिकांत नसीरुद्दीन शाह, अनुपम खेर आणि शबाना आझमी. दुसऱ्या समाजाच्या घरात शिरून त्याची हसण्याची आणि रडण्याची रीत समजून घ्यावयाची, ही गोष्ट परप्रांतात चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना किती जवळची! आपण गुजराती शेजाऱ्याच्या घरी नवरात्रात जातो, तो आपल्या गणपतीला येतो. घरात मराठी, दुकानात गुजराती, कचेरीत इंग्रजी, असे तीन सूर आपण रोज लावतो. प्रयोगशील कलावंत तीन माध्यमांत जे करतो, ते आपण तीन भाषांत करीतच आलो आहोत. म्हणून ह्या कलावंतांचे काम समजून घेण्याची आपली पात्रता इतरांपेक्षा कमी नाही, झाली तर थोडी अधिकच आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अशा कलावंताला समाजाकडून काय लागते? सत्कार? शालश्रीफळ? विजयाबाईंना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८७ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सन्मान योग्यच होते. परंतु सन्मान नेहमी काम झाल्यावर येतो. काम होण्यापूर्वी जे लागते ते फार साधे असते: तालमीला जागा, तालमीला वेळ, आणि पहिले शंभर प्रेक्षक.

ह्याचे उत्तम उदाहरण दादरच्या छबिलदास शाळेचे. अरविंद आणि सुलभा देशपांडे ह्यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही संस्था काढली, आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात शाळेच्या वेळेनंतर प्रयोग होऊ लागले. ते नाट्यगृह नव्हतेच. प्रेक्षक नटाच्या इतका जवळ बसे, की घामाचा थेंब दिसावा. पण त्या सभागृहाचे नाव एका चळवळीला मिळाले. आजही जाणकार 'छबिलदास' म्हटले की शाळा आठवत नाहीत, नाटके आठवतात. पुढे ती जागा सुटली, तेव्हा 'आविष्कार' माहीमच्या पालिकेच्या शाळेत गेली. एका शाळेने दिवसा मुलांना शिकवले आणि संध्याकाळी मराठी रंगभूमीला शिकू दिले. ह्यापरते विद्यादान कोणते?

आपल्या संस्थेचे सभागृह लग्नकार्यांच्या दिवसांत भरलेले असते. त्याचे भाडे हा शिष्यवृत्तिनिधीचा आधार आहे, आणि त्याला हात लावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु सोमवार ते गुरुवार संध्याकाळी तेच सभागृह बहुधा कुलूपबंद असते. आपल्याच सभासदांची मुलेमुली, त्यांत नाट्यशास्त्र शिकणारी आहेत, हाती भ्रमणध्वनी घेऊन लघुपट करणारी आहेत, तालमीसाठी कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या मोटारीच्या शेडमध्ये जमतात. आमची सूचना अशी, की ह्या चार संध्याकाळी सभागृह तालमीसाठी द्यावे. भाडे न घेता केवळ दिवे-पंख्यांचा आणि राखणदाराचा खर्च घ्यावा. आणि तालीम पुरी झाल्यावर तेथेच सतरंजीवर बसणाऱ्या वर्गणीदार सभासदांपुढे त्यांनी आपले काम दाखवावे.

ह्यावर घेतल्या जाणाऱ्या तीन हरकती आमच्या कानांवर आल्या आहेत.

पहिली हरकत: धर्मादाय पैशातून नाटकसिनेमा कशाला? गरजू विद्यार्थ्याचे पुस्तक महत्त्वाचे की तालीम? उत्तर असे, की येथे पैसा मागितलेलाच नाही. बंद खोलीची किल्ली मागितली आहे. पुस्तकाचा एक रुपयाही कमी होत नाही.

दुसरी हरकत: ही मुले नासधूस करतील, भिंतीला खिळे ठोकतील. त्यासाठी नियमावली करावी, एक ज्येष्ठ सभासद देखरेखीस नेमावा. तालमीला खिळे लागत नाहीत. जमिनीवर खडूने आखलेली रेघ हीच भिंत, आणि दोन खुर्च्या हाच दिवाणखाना. हेच तर त्या विद्येचे पहिले शिक्षण आहे.

तिसरी हरकत खरी कठीण. मुलांनी आपल्याला न रुचणारे काही केले तर? आपल्या संस्थेचे नाव त्यावर लागेल त्याचे काय? येथे 'घाशीराम कोतवाल'चा इतिहास आठवावा. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डॉ. जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली तेंडुलकरांचे हे नाटक केले. त्यावर वादळ उठले, संस्थेतही मतभेद झाले, आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबले. ते करणाऱ्या तरुणांनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढून नाटक पुन्हा उभे केले, आणि १९८० मध्ये ते युरोपला गेले. मधल्या काळात, १९७६ मध्ये, पुण्याच्या चित्रपट संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या एका सहकारी मंडळीने त्याचा चित्रपटही केला. डॉ. पटेल पुढे 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा' ह्या चित्रपटांकडे वळले. नाटकावर आक्षेप घेणाऱ्यांच्या भावना खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या संस्थेला आपले नाव कशावर लावावयाचे हे ठरवण्याचा अधिकारही आहेच. पण ह्या प्रकरणाचा धडा स्पष्ट आहे: ज्यात जोम आहे ते काम दार लावल्याने थांबत नाही, ते दुसऱ्या दाराने जाते. मग घरच्या मुलांना घरचे दार का असू नये?

म्हणून ह्या हरकतीवर आमचा उपाय असा. तालमीतील संहितेवर संस्थेने नियंत्रण ठेवू नये, आणि ते काम 'संस्थेचे' म्हणून मिरवूही नये. प्रयोगानंतर अर्धा तास चर्चेला ठेवावा. ज्येष्ठांना जे रुचले नाही ते त्यांनी तेथे तोंडावर सांगावे, आणि मुलांनी ऐकावे. 'रंगायन'च्या सभासदांनी हेच केले. न आवडलेल्या नाटकाचा सभासद रागावून घरी गेला असेल, पण पुढल्या नाटकाला तो परत आला. कलावंताला रागावलेला प्रेक्षक चालतो. त्याला मारतो तो न येणारा प्रेक्षक.

आणखी एक गोष्ट सांगतो. आजच्या काळात चित्र टिपण्याचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. फाळक्यांना ज्या यंत्रासाठी परदेशी जावे लागले, त्याहून समर्थ यंत्र आज शाळकरी मुलाच्या हाती असते. कुणी म्हणेल, मग सभागृह कशाला? मुले घरबसल्या चित्रपट करतील. परंतु यंत्र जागा देत नाही आणि माणसेही देत नाही. एकमेकांसमोर उभे राहून तेच वाक्य चाळीस वेळा म्हणणे, एकाने चुकणे, दुसऱ्याने थांबणे, ही गोष्ट यंत्रात होत नाही. तीनही माध्यमांत वावरलेल्या ज्या कलावंतांची नावे आज घेतली, त्यांतील बहुतेकांचे मूळ तालमीच्या खोलीत आहे. माध्यमे बदलली, पुढेही बदलतील. खोलीची गरज बदललेली नाही.

बंधुभगिनींनो, अमृतमहोत्सव म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा हिशेब. ज्यांनी ही संस्था स्थापली त्यांनी ती स्थापली तेव्हा तोही एक प्रयोगच होता. परमुलखात मूठभर कुटुंबांनी महिन्याच्या पगारातून आणे-रुपये बाजूला काढून अक्षयनिधी उभारावयाचा, हे यशस्वी होईल असे लिहून कुणी दिले होते? त्यांनी निकालाची हमी मागितली नाही, म्हणून आज आपण हा उत्सव करीत आहोत. आपणही पुढच्या पिढीकडे निकालाची हमी मागू नये. चार संध्याकाळी कुलूप उघडावे, सतरंजी अंथरावी, आणि पहिल्या रांगेत आपण स्वतः बसावे. कार्यकारिणीच्या सभेत ही सूचना येईल तेव्हा आपण ती मोकळ्या मनाने विचारात घ्यावी, अशी आपणां सर्वांस आमची नम्र विनंती आहे.